साठीनंतरचा महाराष्ट्र : वृद्ध होत जाणाऱ्या समाजाचा आढावा

लोकसंख्येचे वार्धक्य ही संज्ञा लोकसंख्याशास्त्रात एका नेमक्या अर्थाने वापरली जाते. एकूण लोकसंख्या वाढत असताना सर्वच वयोगटांची संख्या वाढू शकते, त्यामुळे केवळ वृद्धांची संख्या वाढल्याने समाज वृद्ध झाला असे ठरत नाही; एकूण लोकसंख्येतील वृद्धांचे प्रमाण सातत्याने वाढत जाते, त्याच काळात बालकांचे प्रमाण घटत जाते आणि समाजाचे मध्यवय, म्हणजे ज्याच्या अलीकडे निम्मी व पलीकडे निम्मी लोकसंख्या असते ते वय, वर सरकत जाते, तेव्हाच ही संज्ञा लागू होते. भारतात साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती कायद्याने ज्येष्ठ नागरिक मानली जाते. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्ती सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. शासकीय प्रक्षेपणानुसार, म्हणजे जन्म, मृत्यू व स्थलांतर यांचे कल गृहीत धरून केलेल्या अंदाजानुसार, २०३१ मध्ये त्या १९ कोटींच्या पुढे जाऊन त्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवर पोहोचेल. महाराष्ट्रात हे प्रमाण २०११ मध्ये ९.९ टक्के होते, २०२१ साठीचा अंदाज ११.७ टक्क्यांचा होता आणि २०३१ मध्ये ते १५ टक्क्यांच्या आसपास असेल, म्हणजे राज्यातील साधारणपणे दर सात व्यक्तींमागे एक साठीपुढची असेल. या बदलाची चर्चा बहुधा ‘वृद्धांचा भार’ या अंगाने केली जाते. प्रस्तुत आढाव्यातून मात्र असे दिसते की वृद्धांच्या संख्येपेक्षा त्यांच्या उत्पन्नाची आणि शुश्रूषेची जबाबदारी समाजाने कोणावर टाकली आहे, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

वार्धक्याची कारणे

लोकसंख्येची वयरचना तीन गोष्टींनी बदलते : जनन, मृत्यू आणि स्थलांतर. यांपैकी जननातील घट सर्वांत प्रभावी ठरते, कारण तिच्यामुळे लोकसंख्येचा तरुण पायाच अरुंद होतो. एका स्त्रीला तिच्या प्रजननक्षम वयात सरासरी किती अपत्ये होतील हे दर्शवणाऱ्या आकड्याला एकूण जननदर म्हणतात, आणि तो २.१ च्या आसपास असला तर एक पिढी आपली जागा घेणारी तेवढीच दुसरी पिढी निर्माण करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारताचा एकूण जननदर २.०, महाराष्ट्राचा १.७ आणि गोव्याचा १.३ इतका आढळला. महाराष्ट्रात छोट्या कुटुंबाच्या विचाराला मोठी परंपरा आहे : रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तर देशाचा शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये आला. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय, नागरीकरण आणि बालमृत्यूंतील घट यांनी या विचाराला पुढे सामाजिक आधार मिळवून दिला.

दुसरे कारण आयुर्मानातील वाढ हे आहे. १९७०–७५ या काळात भारतीय व्यक्तीचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ५० वर्षांच्याही किंचित खाली होते, तर २०१४–१८ मध्ये ते ६९ वर्षांच्या पुढे आणि महाराष्ट्रात ७२ वर्षांच्या पुढे गेले. त्यात स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक असल्यामुळे वार्धक्य हे मोठ्या प्रमाणात स्त्रियांचे वास्तव बनले आहे; १९७१ मध्ये साठीपुढील दर हजार पुरुषांमागे ९३८ स्त्रिया होत्या, त्या २०११ मध्ये १,०३३ झाल्या. याशिवाय आज साठी ओलांडणारी पिढी ही १९५० आणि १९६० च्या दशकांत, म्हणजे जननदर अजून चढाच असताना व बालमृत्यू कमी होऊ लागले असताना जन्मलेली असल्याने ती आकारानेही मोठी आहे.

या संक्रमणाचा वेग हा सर्वांत चिंतेचा भाग आहे. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जाण्यास फ्रान्सला सुमारे ११५ वर्षे लागली, तर जपानला ही वाटचाल १९७० ते १९९४ या अवघ्या २४ वर्षांत करावी लागली; परंतु तेव्हा जपान औद्योगिकदृष्ट्या संपन्न झालेला होता. भारतात साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण २०२२ मधील १०.५ टक्क्यांवरून २०५० पर्यंत सुमारे २१ टक्क्यांवर जाईल असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालातील अंदाज आहे, आणि हा बदल बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात, म्हणजे लेखी करार, भविष्यनिर्वाह निधी वा निवृत्तिवेतनाच्या कक्षेबाहेर असताना घडत आहे. थोडक्यात, येथे संपन्नतेच्या आधी वार्धक्य येत आहे.

वार्धक्याचा असमान भूगोल

राज्याच्या सरासरीखाली मोठी विषमता दडलेली असते आणि तिचे कारण मुख्यतः स्थलांतर हे आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. गिरणगावाच्या काळापासून कोकणातील कमावता पुरुष मुंबईला गेला, मनीऑर्डरवर गावचे घर चालले, आणि पुढे चाकरमान्यांची कुटुंबेही शहरातच स्थिरावली, त्यामुळे गणपती आणि शिमग्याचे दिवस सोडले तर अनेक वाड्यांमध्ये उरतात ती प्रामुख्याने वयस्क माणसे. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांत वेगळ्या कारणाने तीच स्थिती हंगामापुरती निर्माण होते : दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडीसाठी बाहेर पडली की घर, जनावरे आणि शाळेत जाणारी नातवंडे यांची जबाबदारी आजी-आजोबांवर येते, आणि ती चार-पाच महिने राहते. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक या शहरांतील मध्यमवर्गात मुले परदेशी गेल्यामुळे एकटी राहिलेली जोडपी हा तिसरा प्रकार होय. याउलट गडचिरोली वा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत अद्याप बालआरोग्य आणि कुपोषण हेच अग्रक्रमाचे प्रश्न आहेत, म्हणून संपूर्ण राज्याला एकच साचा लावणारे धोरण अपुरे पडते.

राष्ट्रीय पातळीवर या विषमतेला राजकीय परिमाण आहे. २०२१ च्या अंदाजानुसार साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण केरळमध्ये १६.५ टक्के, तर बिहारमध्ये ८ टक्क्यांहून कमी होते. लोकसभेच्या जागांचे राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेले असून ८४ व्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवले आहे. त्यामुळे ज्या राज्यांनी लोकसंख्यावाढ लवकर रोखली आणि म्हणून जी लवकर वृद्ध झाली, त्यांचे प्रतिनिधित्व पुढे घटेल का, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जात आहे. आंध्र प्रदेशाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीसाठीची दोन अपत्यांची अट २०२४ मध्ये रद्द केली, ती याच अस्वस्थतेतून. तथापि जननदर वाढवण्याच्या आवाहनांना जगात फारसे यश आलेले नाही, आणि आज वृद्ध असलेल्यांच्या गरजांना तर ते उत्तरच नव्हे.

उत्पन्नाची सुरक्षितता

वृद्धावस्थेतील सर्वांत मूलभूत प्रश्न उत्पन्नाचा आहे. भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व या प्रसंगी साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने आणि राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत ठेवला असल्याने न्यायालयामार्फत थेट अमलात आणता येत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातून दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना केंद्राकडून मिळणारा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी दरमहा २०० रुपये आणि ८० वर्षांपुढे ५०० रुपये इतका आहे. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांपुढील निराधार वृद्धांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये दिले जातात. परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याची अट, तलाठ्यापासून तहसील कार्यालयापर्यंतचे दाखले आणि बँक खाते व आधार यांची जुळणी यांमुळे अनेक गरजू बाहेर राहतात. औषधांच्या आणि धान्याच्या किमती वाढत असताना ही रक्कम महागाईशी जोडलेली नाही, ही या योजनांची सर्वांत मोठी उणीव आहे.

संघटित क्षेत्रातही चित्र एकसारखे नाही. केंद्र शासनाने २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांना निश्चित निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी, म्हणजे कर्मचारी व शासन यांच्या जमा रकमेवर अवलंबून असलेली योजना लागू केली. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी केलेला संप हा याच मुद्द्यावर होता. खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली मिळणारे किमान मासिक निवृत्तिवेतन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले आणि दीर्घकाळ तेथेच राहिले. ज्यांना कोणतेही निवृत्तिवेतन नाही अशा मध्यमवर्गीय वृद्धांची भिस्त मुदत ठेवींच्या व्याजावर असते, त्यामुळे व्याजदर घसरले की त्यांचे उत्पन्न घसरते आणि एखादी सहकारी बँक वा पतसंस्था अडचणीत आली की आयुष्यभराची बचत अडकते. ग्रामीण भागात तर निवृत्ती ही कल्पनाच लागू होत नाही. साठीपुढील एक तृतीयांशाहून अधिक भारतीय अजूनही काम करतात, आणि त्यांतील बहुसंख्यांसाठी ते आवडीपेक्षा गरजेचे काम असते.

या सर्वांत विधवा स्त्रीची अवस्था अधिक बिकट असते. साठीपुढील स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या विधवा आहेत. सातबाऱ्यावर अनेकींचे नाव नसते, बचत नसते आणि आयुष्यभर केलेल्या शेतकामाची व घरकामाची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. या सामाजिक सन्मानाला मालमत्तेतील प्रत्यक्ष हक्काची जोड मिळाली, तरच त्याचा लाभ वृद्ध स्त्रीच्या रोजच्या जगण्यापर्यंत पोहोचेल.

आरोग्य आणि दीर्घकालीन शुश्रूषा

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७–१८ मध्ये झालेल्या भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासात ४५ वर्षांपुढील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी करण्यात आली. साठीपुढील सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींना एक ना एक दीर्घकालीन आजार असल्याचे आणि सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींना अंघोळ, कपडे घालणे, चालणे यांसारख्या दैनंदिन क्रियांपैकी किमान एकीत अडचण येत असल्याचे त्यातून दिसले. याच अभ्यासाच्या आधारे साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश, अर्थात स्मरण, विचार व व्यवहार यांची क्षमता क्रमाने क्षीण करणारी व्याधी असल्याचा अंदाज करण्यात आला. साथीचे रोग आणि बाळंतपण यांच्याभोवती उभी राहिलेली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था अशा आजारांसाठी घडवलेली नाही. मधुमेह वा उच्च रक्तदाब एका इंजेक्शनने बरा होत नाही, त्याला वर्षानुवर्षे गोळ्या, तपासण्या आणि देखरेख लागते.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०–११ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. हे पाऊल महत्त्वाचे आहे, परंतु ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चापुरते आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, रोजची औषधे, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची महिनोन्‌महिने चालणारी शुश्रूषा यांचा भार कुटुंबावरच राहतो. जरावैद्यक, म्हणजे वार्धक्यातील अनेक आजारांचा एकत्रित विचार करणारी वैद्यकशाखा, भारतात अजूनही मोजक्या वैद्यकीय महाविद्यालयांपुरती मर्यादित आहे, त्यामुळे एकाच वृद्धाला हृदयाचे, सांध्यांचे आणि डोळ्यांचे डॉक्टर स्वतंत्रपणे औषधे देत राहतात आणि त्या औषधांचा परस्परांवर होणारा परिणाम पाहणारे कोणी उरत नाही.

कुटुंब, कायदा आणि काळजीचे श्रम

भारतीय कुटुंब वृद्धांना सांभाळते, हे विधान ढोबळमानाने खरे आहे, परंतु कुटुंबात प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते, हे त्यात झाकले जाते. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात, म्हणजे लोक आपल्या चोवीस तासांचा विनियोग कसा करतात याच्या पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. घरातील व्यक्तींची काळजी घेण्यासाठीचे आकडे अनुक्रमे १३४ व ७६ मिनिटे होते. सासू-सासऱ्यांची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडणारी सून पुढे स्वतः निवृत्तिवेतनाविना वृद्ध होते, आणि अशा रीतीने एका पिढीची काळजी दुसऱ्या पिढीचे दारिद्र्य बनते. अपत्यांची संख्या घटल्यामुळे ही साखळी आता अधिक ताणली जात आहे, कारण पूर्वी चार भावंडांत वाटली जाणारी जबाबदारी एका-दोघांवर येते आणि नोकरी करणाऱ्या दांपत्याला दोन्हीकडच्या आई-वडिलांचा विचार करावा लागतो.

या पोकळीत शहरांमध्ये ब्यूरोमार्फत येणाऱ्या ‘मावशी’ आणि ‘मामा’ यांचा एक नवा श्रमवर्ग उभा राहिला आहे. बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीत रुग्णाला उचलणे, स्वच्छ करणे, भरवणे ही कष्टाची व कौशल्याची कामे ही माणसे करतात. मात्र त्यांच्या प्रशिक्षणाला मानक नाही, वेतनाला पुरेसे संरक्षण नाही आणि त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद नाही. वृद्धाश्रमांविषयीची सामाजिक भावनाही याच संदर्भात तपासली पाहिजे : वृद्धाश्रम म्हणजे मुलांची कृतघ्नता, ही जुनी धारणा आजच्या अनेक कुटुंबांना अन्यायकारक ठरते, आणि तिच्यामुळे या संस्थांचा दर्जा, शुल्क व तपासणी यांविषयीची आवश्यक चर्चा मागे पडते.

कायद्याने आजवर मुख्यतः कुटुंबालाच बांधून घेतले आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ नुसार वृद्धांना निर्वाहभत्त्यासाठी उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते; या भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेले मालमत्तेचे हस्तांतरण, ती अट मोडल्यास, कलम २३ खाली रद्द ठरवता येते, आणि घर नावावर करून घेतल्यानंतर दुर्लक्षित झालेल्या अनेक वृद्धांना या तरतुदीचा आधार मिळाला आहे. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० मध्ये, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांना देण्याचा ठराव केला. असे उपाय छळाविरुद्ध आवश्यक आहेत, परंतु ज्या कुटुंबाकडे देण्यासारखे काही नाही, त्याला कायद्याच्या धाकाने शुश्रूषेची क्षमता प्राप्त होत नाही. निपुत्रिक, अविवाहित आणि परित्यक्ता वृद्धांचा तर या रचनेत जेमतेम विचार होतो.

अर्थव्यवस्था आणि पिढ्यांमधील नाते

काम करण्याच्या वयातील दर १०० व्यक्तींमागे किती वृद्ध आहेत हे सांगणाऱ्या आकड्याला वृद्ध अवलंबन गुणोत्तर म्हणतात. भारतात ते २०११ मध्ये १४.२ होते आणि २०३१ मध्ये सुमारे २० होईल असा अंदाज आहे. या मापनाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते, कारण ते साठीपुढील प्रत्येक व्यक्तीला अवलंबून आणि काम करण्याच्या वयातील प्रत्येक व्यक्तीला कमावती धरते. प्रत्यक्षात नातवंडे सांभाळून सुनेला वा मुलीला नोकरी करणे शक्य करणारी आजी, शेत राखणारा आजोबा, स्वतःच्या निवृत्तिवेतनातून बेरोजगार मुलाचे घर चालवणारा शिक्षक यांचे योगदान या गुणोत्तरात मोजले जात नाही. दुसरीकडे, बालकांची संख्या घटल्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या जिल्हा परिषद शाळांचे काय करावे, हा प्रश्न राज्यापुढे आला आहे. यातील रिकाम्या वर्गखोल्यांत वृद्धांची दिवसभराची केंद्रे चालवता येतील, परंतु मुलांची शाळा मोडून वृद्धांची सोय करणे हा पिढ्यांमध्ये निष्कारण वैर निर्माण करणारा मार्ग ठरेल.

वृद्ध स्वतः संघटित झाल्याचा अनुभव महाराष्ट्राकडे आहे. राज्यभरातील ज्येष्ठ नागरिक संघ १९८० पासून ‘फेस्कॉम’ या महासंघात एकत्र आले. एसटी प्रवासातील सवलत, २०२२ पासून ७५ वर्षांपुढील प्रवाशांना मिळालेला मोफत प्रवास आणि २०१३ चे राज्याचे ज्येष्ठ नागरिक धोरण हे ज्येष्ठांच्या प्रश्नांना मिळालेल्या सार्वजनिक महत्त्वाचे द्योतक आहेत. मात्र या संघांचा पाया प्रामुख्याने शहरी, निवृत्तिवेतनधारक आणि पुरुषप्रधान राहिला आहे. शेतमजूर वृद्धेचा आवाज त्यात क्वचितच ऐकू येतो.

इतरांचे अनुभव

जपानने एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू केला. चाळीस वर्षांपुढील प्रत्येक नागरिक त्यासाठी हप्ता भरतो, जवळपास तेवढाच वाटा शासन करांतून उचलते, आणि गरजेच्या पातळीनुसार घरपोच मदतनीस, दिवसकेंद्र किंवा निवासी शुश्रूषा मिळते. सुनेच्या कर्तव्यभावनेवर अवलंबून असलेली काळजी त्यामुळे नागरिकाचा हक्क बनली, जरी शुश्रूषा कर्मचाऱ्यांचा तुटवडा आणि एकाकी मृत्यू हे प्रश्न तेथेही सुटलेले नाहीत. भारतात केरळचा अनुभव अधिक जवळचा आहे : १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या उपशामक सेवेतून, म्हणजे बरा न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी करणाऱ्या सेवेतून, स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आखले आणि पंचायतींमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. मर्यादित उत्पन्नाच्या राज्यातही शुश्रूषा ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी होऊ शकते, हे केरळने सिद्ध केले आहे.

निष्कर्ष

लोकसंख्येचे वार्धक्य हे अपयशाचे लक्षण नाही. लसीकरण, स्त्रीशिक्षण, सुरक्षित प्रसूती आणि कुटुंबनियोजन या विसाव्या शतकातील सार्वजनिक प्रयत्नांचे ते फलित आहे. हे फलित ओझे वाटते, याचे कारण जगणे लांबवणाऱ्या समाजाने लांबलेल्या जगण्याची व्यवस्था मात्र घरातील स्त्रीवर आणि मुदत ठेवीवर सोडून दिली. महागाईशी जोडलेले व किचकट अटींपासून मुक्त असे किमान निवृत्तिवेतन, प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित औषधे, प्रत्येक ग्रामपंचायतीत व प्रभागात घरपोच शुश्रूषेची सोय, ती देणाऱ्यांना प्रशिक्षण आणि रास्त वेतन, सातबाऱ्यावर व घराच्या उताऱ्यावर स्त्रीचे नाव, आणि घरातील काळजीच्या कामात पुरुषांचा बरोबरीचा वाटा या गोष्टी महाराष्ट्राच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. राज्याकडे आशा स्वयंसेविका, बचत गट, ग्रामपंचायती आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांचे तयार जाळे आहे. काम करण्याच्या वयातील लोकसंख्या मोठी असण्याचा लाभ अजून काही वर्षेच टिकणार असल्याने ही व्यवस्था आताच उभारावी लागेल. आज चाळिशीत असलेली पिढी येत्या वीस वर्षांत साठी ओलांडेल, आणि आपल्या आई-वडिलांसाठी ती आज जी सार्वजनिक तरतूद मागून घेईल, तीच उद्या तिच्या वाट्याला येणार आहे.